रुंद पाय आणि हरवलेले माप

१/
‘पाय रुंद आहे ना, मग एक नंबर मोठा घ्या.’ पादत्राणांच्या दुकानांत हा सल्ला इतका सर्रास मिळतो, की तो निसर्गनियमच असावा असे वाटावे. सायकलीसाठी सॅंडल घेणाऱ्याला तर तो हटकून मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या मुळाशी अर्धवट आयात झालेली मापपद्धती, विस्मृतीत ढकललेला कारागीर आणि पायालाच दोषी ठरवण्याची सवय आहे. त्या तिन्हींचा हा झाडा.

२/
सुरुवात पुण्याच्या मार्केट यार्डापासून करणे योग्य. पेठांमधला घाऊक व्यापार गुलटेकडीला हलला आणि त्याच्यासोबत हमाल, तोलणार, टेम्पोवाले आणि सायकलच्या कॅरिअरला भाजीची गाठोडी बांधणारा किरकोळ विक्रेताही आला. पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर यावे, यासाठी डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने दीर्घ लढा दिला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पाठीवरच्या ओझ्याला इतिहास मिळाला. त्या ओझ्याखाली पसरणारे पाऊल मात्र कोणी मोजले नाही.

३/
पाऊल पसरते, हा अलंकार नव्हे. भार पडला की पावलाची कमान किंचित खाली येते आणि चवडा लांबी-रुंदी दोन्हींत वाढतो. बसून घेतलेले माप आणि उभे राहून घेतलेले माप म्हणूनच जुळत नाही. बालपण अनवाणी गेलेल्या माणसाच्या पायात हा पसरटपणा अधिक दिसतो. २००९ साली बेल्जियन संशोधकांनी दक्षिण भारतातील अनवाणी चालणारे, भारतातीलच पादत्राणे वापरणारे आणि बेल्जियममधील लोक यांच्या पावलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत पाश्चात्त्य पाऊल तुलनेने आखूड आणि निमुळते आढळले, तर अनवाणी चालणाऱ्यांचे चवडे रुंद.

४/
चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली. निष्कर्ष असा, की भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलांहून सर्वसाधारणपणे रुंद असते. आणि अरुंद बांधणीमुळे लोक गरजेपेक्षा लांब पादत्राणे वापरतात. यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे ज्याला दुकानात ‘जरा जास्तच रुंद’ म्हटले जाते, ते पाऊल या देशात अपवाद नाही. अपवाद आहे तो साचा.

५/
आता त्या ‘नंबरा’कडे पाहू. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे बार्लीचा एक दाणा. तीन दाणे मिळून एक इंच. अर्थात एका नंबराने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. सात, आठ, नऊ हे आकडे केवळ लांबी सांगतात. चवड्याची रुंदी, बोटांची जाडी, पावलाची उंची यांविषयी ते मौन बाळगतात.

६/
गंमत अशी, की ज्या इंग्लंडने हा नंबर दिला, तेथे रुंदीची वेगळी श्रेणीही होती आणि आहे. एकाच नंबरात ई, एफ, जी, एच अशा चढत्या रुंदीचे जोडे तेथे मिळतात. अमेरिकेत १९२०च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक याने तयार केलेले मापनयंत्र पावलाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर, अशी तीन मापे घेते. पाऊल केवळ लांबीने मोजता येत नाही, हे त्या समाजांना ठाऊक होते.

७/
भारतात वसाहतकाळात नंबर रुजला; रुंदीची अक्षरे सामान्य ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचली. कारण सरळ आहे. प्रत्येक नंबराच्या चार रुंद्या ठेवायच्या, तर दुकानदाराला चौपट माल भरावा लागतो. एकाच रुंदीत काम भागवले, तर फडताळही लहान आणि भांडवलही कमी. जोडा ज्या लाकडी पावलावर चढवून शिवतात, त्या फर्म्याची बचत झाली आणि तिची किंमत ग्राहकाच्या करंगळीने मोजली.

८/
त्यापूर्वी महाराष्ट्राच्या गावगाड्यात वहाण नंबराने येत नसे. चांभार हा बलुतेदार. गावातील पाय त्याला ओळखीचे. पाऊल कातड्यावर ठेवायचे, भोवती रेघ ओढायची, त्या रेघेवर तळ कापायचा. रुंदी त्या रेघेतच येई. हे ज्ञान ज्या हातांत होते, त्या हातांना समाजाने अस्पृश्य ठरवले. त्या हातांची विद्या शाळेत शिकवली गेली नाही आणि ग्रंथांत तिला क्वचितच जागा मिळाली. कारखान्याचा माल आला, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला कोणी प्रतिष्ठित उभा राहिला नाही. रुंदीचे माप ‘हरवले’ असे म्हणणे सौम्य आहे. ते टाकून दिले गेले.

९/
मात्र येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही थांबवणे भाग आहे. ‘पूर्वजांची वहाण सर्वांत शास्त्रीय’ ही घोषणा इतिहास नव्हे. उत्तरेकडील पारंपरिक जुतीत डावा-उजवा भेदही नसे. पायानेच तिला वळण लावायचे. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच. तिची अंगठ्याची पकड आणि आडवा पट्टा चवड्याला कोंडत नाहीत, हेही खरे. पण तिचा चामडी तळ पेडलवर घसरतो, टाचेला पट्टा नसतो आणि पुण्याचा पावसाळा तिला सोसत नाही. सायकलीसाठी ती घडलेलीच नाही. तिच्यावर ते ओझे लादणे हा तिचा सन्मान नाही.

१०/
जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे श्रेयाविना झळकली, तेव्हा महाराष्ट्र संतापला. संताप रास्त होता; कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. पण कारागिराने पायाचा जो विचार केला होता, तो रोजच्या स्वस्त सॅंडलमध्ये का उतरत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. वारशाचा अभिमान वस्तूपुरता राहिला; विद्येपर्यंत गेला नाही.

११/
आता मूळ सल्ल्याचे गणित. रूढ इंग्रजी प्रमाणात नंबर एकाने वाढला, की चवड्याचा घेर साधारण पाव इंचाने वाढतो. आणि नंबर तोच ठेवून रुंदी एका श्रेणीने वाढवली, तरी घेर जवळपास तेवढाच वाढतो. फरक एवढाच, की पहिल्या मार्गात साडेआठ मिलिमीटरची नको असलेली लांबी पदरात पडते. दोन नंबर मोठा जोडा घेणारा दीड सेंटिमीटरहून अधिक रिकामी जागा पायात घालून फिरतो.

१२/
चालताना हे खपून जाते. सायकलीवर खपत नाही. पेडलच्या आसावर चवड्याचा सांधा यावा लागतो. सॅंडल लांब असेल, तर पाऊल पुढे-मागे सरकते, टाच उचलली जाते, टोक चाकाला किंवा रस्त्याला लागण्याची भीती असते. उलट, सॅंडल अरुंद असेल, तर चवड्याच्या हाडांमधल्या नसा दाबल्या जातात. बोटे बधिर होतात, तळवा जळजळतो. रुंद पायाच्या सायकलस्वाराला या दोन शिक्षांपैकी एक निवडायला सांगितले जाते आणि त्याला ‘सवय होईल’ असे आश्वासन मिळते.

१३/
तिसरा मार्ग आहे. तो मोजमापाचा आहे. दिवसभराच्या चालण्यानंतर, संध्याकाळी, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ ओढावी. लांबी आणि चवड्याची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठे पाऊल प्रमाण मानावे. मग सॅंडलचा तळ त्या रेघेवर ठेवावा. तळाबाहेर पाऊल डोकावले, तर नंबर कोणताही असो, ते सॅंडल त्या पायाचे नव्हे.

१४/
पुढची पारख अशी. टोक अंगठ्याच्या बाजूने सरळ असावे, मध्याकडे निमुळते नको. चवड्यावरचा पट्टा स्वतंत्रपणे सैल-घट्ट करता यावा. केवळ घोट्याचा पट्टा असून भागत नाही. पट्ट्याचा जोड करंगळीच्या सांध्यावर येऊ नये. टाचेला पट्टा हवाच. तळ बोटांशी फार वाकणारा नको, नाहीतर पेडलचा दाब एका जागी बसतो. तळाला खाचा हव्यात. मार्केट यार्डातल्या कोबीच्या ओल्या पानांवर गुळगुळीत रबर काय करते, हे तेथे काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. बोटे झाकलेली असावीत आणि पट्ट्याचे सुटे टोक साखळीत अडकेल इतके लांब नसावे. पेडलला अडकणारे क्लीट वापरायचे असतील, तर ते आधी चवड्याच्या सांध्यानुसार सरकवून बसवावेत.

१५/
यावर ठरलेले उत्तर येते: ‘रुंद मालाला मागणी नाही.’ ज्या मालाचे मापच पेटीवर छापलेले नाही, त्याची मागणी ग्राहकाने कोणत्या शब्दांत करावी? एक नंबर मोठा घेऊन गेलेला प्रत्येक रुंद पाय विक्रीच्या वहीत ‘मोठ्या नंबराची मागणी’ म्हणून नोंदला जातो. चूक स्वतःचाच पुरावा तयार करते आणि तोच पुरावा पुढच्या वर्षी माल भरताना वापरला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार परिचित असावा. दप्तरात जे नोंदले जात नाही, ते अस्तित्वातच नव्हते, असे मानण्याची ही जुनीच खोड आहे.

१६/
मार्केट यार्डात पोते काट्यावर चढल्याशिवाय व्यवहार होत नाही. काट्याची सरकारी पडताळणी होते, तोलणार आकडा पुकारतो, शेतकरी तो कान देऊन ऐकतो. पोते नुसते लांबीने मोजून कोणी पैसे देऊ केले, तर त्याला तेथून हाकलून लावतील. मग त्याच आवारात राबणाऱ्या, पेडल मारत घरी जाणाऱ्या पायांनी अर्धे माप का स्वीकारावे? पेटीवर लांबीसोबत रुंदी मिलिमीटरमध्ये छापा, ही मागणी माफक आहे. दुकानात पुढच्या वेळी ‘एक नंबर मोठा घ्या’ असे ऐकू आले, की खिशातला तो कागद काढून समोर ठेवावा आणि विचारावे: याची रुंदी किती?