निकाह झाला, नोंद कोणी करायची?

इस्लामी विवाह हा मुळात करार आहे. प्रस्ताव, स्वीकार, साक्षीदार आणि मेहेर एवढ्यावर तो सिद्ध होतो; १८८० च्या काजी अधिनियमानेही काजीची उपस्थिती अनिवार्य केलेली नाही. इतका सुटसुटीत विवाह सरकारदरबारी सिद्ध करताना मात्र तारापूरच्या कामगाराची दमछाक होते.

निकाह लागतो उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये. निकाहनामा उर्दूत, काजी तिकडे, साक्षीदार तिकडे, संसार बोईसरच्या चाळीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यातील नमुना तीन साक्षीदार मागतो, विवाह लावणाऱ्याची सही मागतो. ती आणायची तर किती दिवसांची मजुरी बुडवायची? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले, ते योग्यच झाले. परंतु सक्ती गरिबावर आणि सवड कचेरीला, ही कोणती समता?

नोंद नसल्याने विवाह रद्द होत नाही, असे काही मौलवी व काही कारकून एकाच सुरात सांगतात. खरे आहे. पण हा दिलासा सुखाच्या दिवसांपुरता. रसायनाच्या कारखान्यात स्फोट होऊन माणूस गेला, की नुकसानभरपाईच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खिडकीवर त्याच्या बायकोला पहिला प्रश्न पडतो तो 'तू त्याची कोण?' हाच.

दुसरी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. तेथे एकपत्नीत्व आहे, मुलींना वारशात समान वाटा आहे. त्यासाठीच केरळचे वकील सी. शुक्कुर आणि शीना यांनी निकाहानंतर अनेक वर्षांनी, ८ मार्च २०२३ रोजी, या कायद्याखाली पुन्हा विवाह केला. पण या वाटेवर तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. ती कचेरीच्या भिंतीवर लागली, की आंतरधर्मीय जोडप्याच्या मागे दोन्हीकडचे धर्मरक्षक लागतात. २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा विवाहांवर लक्ष ठेवणारी समितीही नेमली. प्रौढ माणसांनी शासनाला एवढा हिशेब का द्यावा?

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा पुरोगाम्यांतलेही पुष्कळजण गप्प होते. जमातीला दुखवायचे नाही, हे आपले जुने दुखणे. ते टाकून पालघर आणि बोईसरच्या शाखांनी कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी टेबल मांडावे, निकाहनाम्याचे मराठी भाषांतर करून द्यावे, अर्ज भरावेत. आणि परगावच्या काजीची सही नसली तरी पतिपत्नीच्या प्रतिज्ञापत्रावर नोंद घ्या, ही मागणी घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जावे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आहे. त्यासाठी आता ठाण्याला जावे लागत नाही.