मूर्ती लहान...

हल्ली शहरातल्या सोसायट्यांमधून 'यॉर्की' बरेच दिसू लागलेत. कपाळावर रिबीन, पाठीवरून दोन्ही बाजूंना ओघळणारे रेशमी केस, आणि स्वारी बहुतेक वेळा मालकिणीच्या कडेवर! बघणारा हमखास म्हणतो, "किती गोड! अगदी खेळणंच!" मला हा 'खेळणं' शब्द खटकतो. या कुत्र्याचा इतिहास कळला तर तुम्हालाही खटकेल.

यॉर्कशायर टेरियर हा मुळात कामगार वस्तीतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमधले विणकर पोटासाठी इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर भागात आले. हातमाग बसत चालले होते, गिरण्या उभ्या राहत होत्या. येताना त्यांनी आपली लहानखुरी टेरियर कुत्री बरोबर आणली. तिथल्या कुत्र्यांशी त्यांचा संकर होत होत ही जात घडली. काम एकच, गिरण्यांतले आणि खाणींतले उंदीर मारणं. लोक गमतीने म्हणत, की याचे केस विणकरांनी मागावरच विणलेत!

१८६५ साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. तो प्रदर्शनांत बक्षिसं मिळवायचा आणि उंदीर मारण्याच्या शर्यतीही जिंकायचा. १८७१ मध्ये गाडीखाली सापडून गेला, जेमतेम सहा वर्षांचा होऊन. १८८६ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

आता एक गंमत पाहा. हा बेन चार-पाच किलोंचा होता असं सांगतात. आज या जातीच्या नियमांत वजनाची कमाल मर्यादा आहे ३.२ किलो. म्हणजे मूळपुरुषालाच आज प्रदर्शनात उभं करणार नाहीत!

इथपर्यंतही हरकत नाही. तीन किलोंचा यॉर्की अंगाने काटक असतो, नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतो. पण अलीकडे 'टीकप' नावाचं खूळ आलंय. चहाच्या कपात मावेल असं पिल्लू! ही काही वेगळी जात नव्हे, कुठल्याही मान्यवर केनेल क्लबच्या यादीत ती नाही. लहान राहिलेल्यांतले सर्वांत लहान निवडून त्यांचीच पैदास करायची आणि दुप्पट भाव लावायचा, एवढंच. किंमत मोजतं ते पिल्लू. असं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर एकदम उतरते, अंगाला कंप सुटतो, वेळीच उपाय झाला नाही तर जीवही जातो. सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. आणि इतक्या लहान मादीला बाळंतपण झेपत नाही, बहुधा पोट फाडावं लागतं.

कुणी म्हणेल, लहान असण्यात वाईट काय? दुसऱ्या महायुद्धातली 'स्मोकी' दोन किलोंच्या आतच होती. खरं आहे. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली ही यॉर्की बिल विन या अमेरिकन सैनिकाने पाळली. फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या सत्तर फूट लांब, आठ इंच रुंद नळातून तिने टेलिफोनची तार ओढून नेली. नाहीतर बॉम्बहल्ल्याच्या छायेत धावपट्टी खणावी लागली असती. पण तिला कुणी मुद्दाम कपाच्या मापात बसवलं नव्हतं. त्या काळोख्या नळात ती शिरली ती अंगातल्या टेरियरपणामुळे.

म्हणून मला वाटतं, या कुत्र्याला कुत्र्यासारखं वागवावं. त्याला जमिनीवर चालू द्यावं, हुंगू द्यावं, चार गोष्टी शिकवाव्यात. लहान आहे म्हणून गुरगुरण्याचं कौतुक करू नये, मोठ्या कुत्र्याला जे चालवून घेणार नाही ते यालाही नको. केस माणसासारखे वाढतच राहतात, तेव्हा रोज विंचरायला हवेत. कपाळावरची रिबीनसुद्धा मुळात केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून असते. प्रदर्शनाला न्यायचं नसेल तर आपल्या उन्हाळ्यात केस आखूडच ठेवावेत. फिरणं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. यांची श्वासनलिका नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीवरून बांधायचा हार्नेस बरा. दात लवकर किडतात, दुधाचे दात कधीकधी पडतच नाहीत, तेव्हा दात घासणं आणि डॉक्टरांना दाखवणं चुकवू नये. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा देऊ नये. एवढ्याशा जिवाला थोडंही पुष्कळ होतं.

आणि विकत घेताना "आणखी लहान आहे का?" हा प्रश्न विचारूच नये. पिल्लाची आई दाखवा म्हणावं. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. या दोन गोष्टी विचारल्या की कोण खरा आणि कोण धंदेवाईक, ते बरंचसं कळतं. विक्रेत्याला दोष देणं सोपं आहे हो, पण गिऱ्हाईकच मागत असेल तर तो पुरवणारच!

त्या गरीब विणकरांनी कुत्रा लहान निवडला, कारण उंदरांच्या मागे अडचणीच्या जागेत त्याला शिरायचं होतं. आपल्याला तो लहान कशासाठी हवा, हे घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःलाच विचारावं. उत्तर 'फोटोसाठी' असं आलं, तर सरळ बाजारातून कापसाचं कुत्रं आणावं. त्याला दुखत नाही.