काळजीला कर्तबगारी म्हणू नका

परवा एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी ठणकावून सांगितले, की ‘वर्तमानात जगा’ हा पोट भरलेल्यांचा उपदेश आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमुळेच हे लिहावे लागते आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडणारी माणसे होती, आणि त्यांना जे पोखरते आहे त्यालाच त्या संध्याकाळी सद्गुणाचे प्रमाणपत्र मिळाले.

वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या मध्यमवर्गाने काळजी करकरूनच घरे उभी केली. आई रात्र रात्र जागली म्हणून मुले शिकली. शेतकऱ्याने उद्याचा विचार सोडला तर तो उपाशी मरेल. ज्याला घोर नाही त्याला जबाबदारीही नाही. सतत विचार करणारा माणूसच खरे प्रेम करणारा असतो. मन ताळ्यावर आणण्याचे उद्योग रिकामटेकड्यांनी करावेत.

यातले दोन मुद्दे लगेच निकालात निघतात. चुकायला ज्याच्याकडे जागाच नाही, त्याला हातातल्या कामावर लक्ष ठेवण्याची गरज सर्वांत जास्त असते. प्रेस मशीनवरच्या कामगाराचे मन घराच्या हप्त्यात अडकले तर त्याची बोटे जातात. आणि प्रेमाचे म्हणाल, तर ज्या मुलाच्या भवितव्याचा बाप दिवसभर घोर करतो, तेच मूल जेवताना शेजारी बसून काही सांगत असते आणि बापाच्या कानावर ते पडतच नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. वक्त्यांनी विचार आणि घोर एकाच पोत्यात भरले. त्यांनी शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे, तर शेतावरच जाऊ. जूनमध्ये सोयाबीन पेरायचे आहे. घरचे बियाणे उगवेल की नाही, पाऊस दडी मारील का, दुबार पेरणीची पाळी येईल का, हे प्रश्न खरेच आहेत. त्यावर शहाणा शेतकरी काय करतो? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून ती ओलसर ठेवतो आणि काही दिवसांनी उघडून मोड मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचे. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचे नाही, हा कृषी विभागाचा सल्ला तो पाळतो आणि जमिनीत ओल किती खोल गेली ते उकरून बघतो. हा सगळा उद्याचा विचार आहे. पण तो आज, डोळ्यांसमोर, हातांनी चालला आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी निर्णय आहे.

तोच शेतकरी रात्री अंथरुणावर ‘पाऊस नाही आला तर’ हे एकच वाक्य चाळीस वेळा घोळवतो, तेव्हा त्यातून एकही दाणा जास्त उगवत नाही. दाणा न टाकता जाते फिरवले तर पीठ पडत नाही, दगड दगडाला घासतो. सकाळी तो शेतात जातो तेव्हा डोळे जड असतात, आणि ज्या दिवशी नीट बघायला हवे नेमके त्याच दिवशी त्याला नीट दिसत नाही. त्याच्या डोक्यावरचे कर्ज आणि पडलेला भाव ध्यानाने मिटणार नाहीत, हे मला मान्य आहे. त्यासाठी सरकारशी भांडावेच लागेल. पण भांडायलाही शाबूत डोके लागते. रात्रभर कुरतडलेले डोके भांडू शकत नाही. ते हताश होते.

हे माझ्या मनाचे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली दिली होती. मन उदास झाले की तुम्ही त्याच त्या गोष्टीचा कीस पाडत बसता, की काही करायला लागता, हे त्यातून कळत होते. चौदा दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तपासले, आधी दहा दिवसांनी, मग सात आठवड्यांनी. कीस पाडत बसण्याची सवय ज्यांना भूकंपाआधीच होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे जास्त आढळली. जमीन सगळ्यांच्याच पायाखाली हादरली होती. अतिविचाराने संकटाची पूर्वतयारी होते, असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षाला उत्तर द्यावे.

आता त्या जागणाऱ्या आईकडे येतो, कारण टाळ्या तिच्याच नावावर पडल्या. ती जागत होती हे खरे. पण ती शिवणयंत्रावर बसून ब्लाउज शिवत होती. पापडाचे पीठ मळत होती. मुलाची फी भरायची तारीख तिला पाठ होती आणि डब्यात त्यासाठी बाजूला ठेवलेल्या नोटा होत्या. मुले शिकली ती त्या शिलाईवर आणि त्या नोटांवर. तिच्या यशाचे श्रेय चिंतेला देणे म्हणजे तिचे श्रम चोरणे होय. चिंतेने तिला आम्लपित्त दिले आणि लवकर म्हातारपण दिले. वक्त्यांना तिचा गौरव करायचा होता, तर तिच्या हातांचा करायला हवा होता.

तसा हा वाद जुनाच. आमच्या कॉलेजच्या दिवसांत एक पक्ष म्हणे, संसार मिथ्या आहे, उद्याची फिकीर सोडा. दुसरा पक्ष टेबलावर मूठ आपटून म्हणे, ध्यान ही पळवाट आहे, जग बदलायचे सोडून डोळे मिटून बसणारे भित्रे आहेत. चहाच्या कपांवर हे भांडण रात्ररात्र चाले. मन हातातल्या गोष्टीवर ठेवणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, हे दोन्ही पक्षांनी न तपासताच गृहीत धरले होते. ध्यानावरचे जुने बौद्ध सूत्र, सतिपट्ठान सुत्त, उघडून पाहिले असते तरी हे गृहीतक टिकले नसते. चालताना, वाकताना, खाताना, पिताना, अगदी शौचाला जातानाही भान ठेवा, असे तिथे सांगितले आहे. रोजचा दिवस सोडून पळायला त्यात जागाच नाही. परवाच्या व्याख्यानात तेच शिळे गृहीतक पुन्हा वाढले गेले.

मग करायचे काय? माझे उत्तर साधे आहे. आगगाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक समोर दिसणारा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. वर्षानुवर्षे तोच मार्ग असला तरी सांगतात, कारण सवयीच्या रस्त्यावरच मन भटकते. गॅस बंद करताना, कुलूप लावताना, रुग्णाच्या गोळ्या काढताना आपणही ते मोठ्याने म्हणावे. मग अर्ध्या रस्त्यातून परत फिरावे लागत नाही. दुसरा उपाय थॉमस बोरकोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला: काळजीला रोज ठरावीक जागा आणि ठरावीक अर्धा तास द्यायचा, आणि एरवी ती आली की तिला त्या वेळेवर ढकलून समोरच्या कामाकडे वळायचे. त्या अर्ध्या तासात कागद घेऊन बसावे आणि प्रत्येक काळजीपुढे आज काय करता येईल ते लिहावे. ज्या काळजीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती तिथेच ठेवून उठावे. हे एका दिवसात जमत नाही. मन सुटते आणि पुन्हा आणावे लागते.

आणि घरातल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘तुझ्या काळजीने मला झोप लागत नाही’ हे वाक्य मुलांना ऐकवणे बंद करा. तुम्ही ते प्रेमाने म्हणता, पण त्यांना त्यात आपला अपराध ऐकू येतो, आणि पुढे तीही तशीच जागायला शिकतात. त्यापेक्षा प्रवेशअर्जाची शेवटची तारीख विचारा, त्यांच्या शेजारी बसून अर्ज भरा, आणि झोपा.