प्रशिक्षण त्यांचे, डेटा आशाताईंचा

आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण आता इंटरनेट कॉलवर उरकले जाते. तालुक्याला जायचा त्रास वाचला, असे साहेब सांगतात. वाचला तो प्रवासभत्ता, आणि तो सरकारचा!

साधा कॉल घेणाऱ्याला 2003 पासून पैसे पडत नाहीत. इंटरनेट कॉलमध्ये मात्र ऐकणारीचाही डेटा जळतो, व्हिडिओ असेल तर भराभर. रिचार्ज करायचा कुणी? जिला पगार नाही, नुसते मानधन आहे, तिनेच.

दुसरा मार्ग नव्हता का? आरोग्य मंत्रालयाचीच ‘मोबाइल अकॅडमी’ 2016 पासून आहे. 240 मिनिटांचे पाठ, साध्या फोनवर, टोल-फ्री.

आणि वेळ कोणती, तर चूल पेटायची. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसासाठी कायदा घडवला. प्रशिक्षण हेही कामच आहे, ते त्या आठ तासांत घ्या. सगळ्यांना म्यूट करून एकाने स्लाइड वाचायची, याला तर आम्ही प्रशिक्षणच मानत नाही. प्रश्न विचारायचा कुठे?

2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले होते. साहेब, विसरलात?