डेट्रॉईटची तिजोरी आणि गळकी छपरे

कोरोनाच्या साथीने खिळखिळ्या झालेल्या अर्थव्यवस्थेला सावरण्यासाठी अमेरिकेने मार्च २०२१मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचा 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' कायदा केला. त्यातील ३५० अब्ज डॉलर राज्ये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राखलेले होते. एकेकाळी मोटारींची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या डेट्रॉईटच्या वाट्याला ८२ कोटी ६७ लाख डॉलर आले. म्हणजे माणशी सुमारे १,३०० डॉलर. याच शहराने जुलै २०१३मध्ये १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दिवाळखोरी जाहीर केली होती. १९५०मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकवस्ती २०२०च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजारांवर आली होती.

एवढे घबाड हाती आल्यावर करायचे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. डेट्रॉईट महापालिका स्वतःचा प्राप्तिकर आकारते. रहिवाशांना २.४ टक्के, तर बाहेरून नोकरीसाठी येणाऱ्यांना त्याच्या निम्मा. साथीत कार्यालये ओस पडली आणि उपनगरातला अभियंता घरी बसून काम करू लागला. शहरात न केलेल्या कामावर त्याला कर लागू होत नाही. (डेट्रॉईटच्या उपनगरांत मराठी कुटुंबेही आहेत, त्यांना हा हिशेब ठाऊक असेल.) तीन कॅसिनो मार्चपासून ऑगस्ट २०२०पर्यंत बंद राहिल्याने तोही महसूल आटला. त्यामुळे निधीचा काही भाग ही तूट बुजवण्यातच जाणार, हे उघड होते.

केंद्राच्या अटीही होत्या. हा पैसा निवृत्तिवेतन निधीत भरता येत नाही, जुने कर्ज फेडता येत नाही. २०२४अखेर तो कामांना बांधून द्यायचा आणि २०२६अखेर खर्च करायचा. दिवाळखोरीच्या तडजोडीत निवृत्तिवेतनाच्या बहुतेक हप्त्यांना मिळालेली सवलत संपत आली होती. म्हणजे शहराच्या सर्वात मोठ्या चिंतेला या पैशाचा थेट उपयोग नव्हता.

तत्कालीन महापौर माइक डुगन यांच्या प्रशासनाने पडक्या इमारती, रोजगार प्रशिक्षण, उद्याने आणि शहराभोवतीची साडेसत्तावीस मैलांची 'जो लुई ग्रीनवे' अशी कामे निवडली. एकदाच आलेला पैसा एकदाच करावयाच्या कामांवर खर्चावा, हे धोरण योग्यच. पण बांधलेल्या मार्गाची झाडलोट दरवर्षी करावी लागते आणि तिचा खर्च महापालिकेवरच येणार.

या सर्वांत 'रिन्यू डेट्रॉईट' ही योजना लहान, तरी आमच्या मते सर्वात रास्त. पहिल्या टप्प्यात ३ कोटी डॉलर खर्चून एक हजाराहून अधिक घरांची छपरे वा खिडक्या बदलण्याचे ठरले. लाभार्थी ६२ वर्षांवरील वा अपंग आणि अल्प उत्पन्नामुळे मालमत्ता करात सवलत मिळालेले. अट सरळ दिसते. परंतु सवलतीसाठी घराची मालकी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या, मात्र वारसाची नोंद न झालेल्या माणसाचे काय? आपल्याकडच्या वाड्यांतील भाऊबंदकीची कागदपत्रे पाहिलेल्याला हा अडसर समजावून सांगावा लागणार नाही.

यामागे एक जुने दुखणे आहे. २०१० ते २०१६ या काळात महापालिकेने घरांची किंमत अवाजवी लावून किमान ६० कोटी डॉलरचा जादा कर वसूल केला, असे 'द डेट्रॉईट न्यूज'ने २०२०मध्ये दाखवून दिले. त्या वसुलीचा सरसकट परतावा मिळालेला नाही. ज्यांनी तो कर भरला, त्यांतल्याच काही वृद्धांना महापालिकेच्या दारी छपरासाठी अर्ज करावा लागला. हजार घरांनंतरच्या अर्जदारांसाठी रक्कम नंतर वाढवली गेली, तरी ती एकूण निधीच्या मानाने तुटपुंजीच राहिली.