शितावरून भाताची परीक्षा

चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्ण्याचा मुलूख धानाचा. तेथील गृहिणीस भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सारा हंडा उपसावा लागत नाहीं. भात खालवर करून ती दोन शितें चिमटींत दाबते आणि निश्चिंत होते. हाच न्याय यंत्रांसही लागू पडतो काय? पोंभुर्णा तालुका बल्लारपूर विधानसभा मतदारसंघांत मोडतो, आणि मतें यंत्रांवर पडतात. तेव्हां हा प्रश्न तेथील प्रत्येक घरचा आहे.

मतदारानें कळ दाबली म्हणजे व्हीव्हीपॅट यंत्राच्या कांचेआड छापील चिठ्ठी ७ सेकंद दिसते व पेटींत पडते. पूर्वीं दर विधानसभा क्षेत्रांतील एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहत. सर्वोच्च न्यायालयानें ८ एप्रिल २०१९ रोजीं तीं केंद्रें ५ केलीं. कोणतीं पांच, हें सोडत काढून ठरतें. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्या ही मागणी मात्र २६ एप्रिल २०२४ रोजीं न्यायालयानें अमान्य केली.

यावर घरोघरीं दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "पांचांवरून शेंकड्यांची काय पारख?" तरुण म्हणतात, "गणितानें तें सिद्धच आहे!" आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. हिशेब करून पाहूं.

एका मतदारसंघांत ३०० केंद्रें आहेत असें धरूं. त्यांपैकीं निम्मीं यंत्रें सदोष असलीं, तर पांचांत एकही सदोष न सांपडण्याचा संभव शंभरांत अवघा ३. परंतु सदोष यंत्रें ६ च असलीं, तर तीं पांचांच्या तपासणींतून निसटण्याचा संभव शंभरांत सुमारें ९०! आतां साऱ्या महाराष्ट्राकडे पाहा. मतदारसंघ २८८, म्हणजे तपासलीं जाणारीं केंद्रें १,४४०. प्रत्येक ठिकाणीं शेंकडा दोनच यंत्रें बिघडलेलीं असलीं, तरी एकही न सांपडण्याचा संभव लाख कोटींत एकाहूनही कमी भरतो.

तात्पर्य, हींच शितें साऱ्या राज्याविषयीं जवळजवळ निःशंक ग्वाही देतात, परंतु एकट्या बल्लारपुराविषयीं फारच थोडी. जेथें निकाल थोड्या मतांवर लटकतो, तेथें ही थोडी ग्वाही पुरेशी नव्हे. म्हणूनच २०२४ च्या त्याच निर्णयांत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस, निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी केल्यास, त्या क्षेत्रांतील ५ टक्के यंत्रांची तपासणी अभियंत्यांकडून करवून घेण्याची मुभा आहे; तिचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें.

संगणकाच्या आज्ञावली तपासणारेही पुष्कळदां याच मार्गानें जातात. कारण प्रत्येक शक्य प्रसंग चालवून पाहावयाचा म्हटल्यास आयुष्य पुरणार नाहीं. त्यांचीही भिस्त निवड निःपक्षपाती असण्यावर असते. न ढवळलेल्या हंड्याचें वरचें शीत मऊ लागलें, तरी तळचा भात कच्चा राहूं शकतो. सोडतीच्या वेळीं उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं जातीनें हजर राहावें तें एवढ्याचसाठीं.

तेव्हां पुढील मतमोजणीच्या दिवशीं घरांत वाद निघाला, तर वडिलांनीं "शितें किती दाबलीं?" एवढेंच विचारून थांबूं नये, आणि तरुणांनीं गणिताच्या नांवानें त्यांचें तोंड बंद करूं नये. हंडा कोणता आणि तो ढवळला होता काय, हे दोन प्रश्न दोघांनीं मिळून विचारावे.