दुबार पेरणी आणि रात्रभराचे पाणी

मृगाच्या सरींवर पेरणी करावी, कोंब वर यावेत आणि मग पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारावी, हे शिंदखेडा, साक्री, पारोळा, अमळनेरकडील कोरडवाहू शेतकऱ्याला नवे नाही. कोंब करपतात, दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. पंचनाम्यांची व पीकविम्याची चर्चा त्यानंतर सुरू होते; पेरणीच्या आदल्या रात्री काय करता आले असते, हे कोणी विचारीत नाही.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. हरभऱ्याचे बी सुमारे आठ तास साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वरवर सुकवून सकाळी पेरले, तर उगवणीची पहिली पायरी त्याने जमिनीत पडण्यापूर्वीच ओलांडलेली असते. ते लवकर व एकसारखे उगवते. ओल उडण्याआधी मूळ खोल जाते. झाबुआ, पंचमहाल, बांसवाडा या आदिवासी मुलखात १९९०च्या दशकात मका, भात व हरभरा यांवर अशा चाचण्या शेतकऱ्यांच्याच शेतांत, त्यांच्याच सहभागाने झाल्या. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्धही झाले. बाजरीच्या अरगटावर दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून तरंगणारे दाणे काढून टाकण्याची शिफारस तर जुनीच आहे.

अर्थात ही जादू नव्हे. धूळपेरणी करणाराने बी भिजवू नये. कोरड्या मातीत जागे झालेले बी तेथेच मरते. महिनाभर पावसाने ओढ दिली तर भिजवून पेरलेले पीकही वाळणारच.

परंतु पाणी आणि मीठ यांना विक्रेता नसतो, म्हणून प्रचारकही नसतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता खानदेशची सरकी पाकिटात गेली. कीटकनाशकाचा रंगीत लेप लावूनच ती येते. असे बी घरी भिजवण्याचा प्रश्नच उरत नाही. बीजप्रक्रिया ही शेतकऱ्याची विद्या होती, ती आता मालाच्या किमतीत मोजली जाते. आणि हा लेप उघड्या हातांनी हाताळतात त्या सरकी टोकणाऱ्या मजूर स्त्रिया! पाकिटावरील इशाऱ्याची बारीक अक्षरे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. हातमोजे पुरविणे हे आपले काम आहे, असे ना मालकाला वाटते, ना कंपनीला.

कृषी खात्याच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याने पेरणीपूर्वी चावडीवर प्रात्यक्षिक करून दाखवावे व त्यास शेतमजूर स्त्रियांना प्रथम बोलवावे, ही मागणी पक्षाच्या तालुका शाखांनी आताच लावून धरली पाहिजे. रब्बीच्या हरभऱ्यापासून आरंभ करता येईल. त्याला एक घमेले, रात्रभराचे पाणी आणि बी पसरायला गोणपाट एवढेच लागते.